गावातली भरती : जांबोटी पट्ट्यातल्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

आज मराठा दिवस. १६७० साली याच दिवशी कोंढाणा घेतला, म्हणून मराठा लाईट इन्फंट्री तो पाळते. नोकरीत होतो तेव्हा हा दिवस पलटणीबरोबर जायचा. आता घरी आहे, तर गावातलं काम आजपासूनच सुरू करावं असं ठरवलं.

काम असं : कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला लागून जी आमची गावं आहेत, तिथे फौजेच्या भरतीला जाऊ शकतील अशी मुलं शोधायची आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत त्यांच्या मागे उभं राहायचं. संध्याकाळी देवळात पहिली बैठक झाली. कुणाला आत घ्यायचा अधिकार मला नाही, हे तिथे सगळ्यांत आधी सांगितलं. गावात निवृत्त हवालदारालाही 'मेजर' म्हणतात आणि मेजरनं शब्द टाकला की काम होतं, असा समज आहे. तो काढून टाकल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

मराठा लाईट इन्फंट्रीचं प्रशिक्षण सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. आमच्याकडे बऱ्याच घरांत भिंतीवर गणवेशातला एक तरी फोटो दिसतो. असं असून अग्निपथ (चार वर्षांसाठी 'अग्निवीर' म्हणून भरती करायची योजना) आल्यापासून या गावांतून आत गेलेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी. पोरांचं मन उडालं, असं म्हातारी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. बघू.

९ फेब्रुवारी, रविवार

माळावर चुना टाकून ४०० मीटरचा गोल आखला. चार फेऱ्या म्हणजे १.६ किलोमीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर ६० गुण, ५:४५ पर्यंत आला तर ४८. दहा बीम काढले (आडव्या दांडीला लटकून अंग वर उचललं) की ४० गुण. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग (नागमोडी पाटावरून तोल सांभाळत चालणं) नुसतं पास व्हायचं. हे पोरांना पाठ आहे.

पळण्यात आमची पोरं कमी नाहीत. चढ-उतारावर वाढलेली पोरं, पहिल्याच दिवशी काहीजण साडेपाचच्या जवळ आली. बीमला मात्र सहाच्या पुढे हात सुटतात. शाळेमागच्या दोन फणसांमध्ये जीआय पाइप बांधून घेतला. रोज जाता-येता लटकायचं, एवढंच सांगितलंय.

उंची देवळाच्या भिंतीला टेकवून मोजली. कर्नाटकातल्या मुलाला जीडीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या पदाला, १६६ सेंटिमीटर लागतात, महाराष्ट्रातल्याला १६८. माझा भाचा चंदगड तालुक्यातला, तोही आज आला होता. त्याची उंची १६७. आमच्या गावातला असता तर चालला असता, पण त्याचा रहिवासी दाखला तिकडचा, म्हणजे भरती कार्यालय कोल्हापूरचं आणि माप १६८ चं. बाप फौजेत असता तर दोन सेंटिमीटरची सूट होती, पण त्याचे वडील शेती करतात. त्याला लगेच सांगितलं. लिपिकाच्या पदाला १६२ चालतात आणि त्याला बारावीला टक्के चांगले आहेत. तो रस्ता त्यानं आजच धरला तर वर्ष वाया जाणार नाही.

एका पोरानं शर्ट काढला आणि मी गप्प झालो. दंडावर महाराजांचं मोठं गोंदण, बेळगावात शिवजयंतीच्या मिरवणुकीला काढून घेतलेलं. फौजेत कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि हाताच्या पंज्याच्या पाठीवर गोंदण चालतं, दंडावर चालत नाही. आदिवासी जमातींच्या रूढीला सूट आहे, इतरांना नाही. पोरगा पळण्यात पहिल्या तिघांत होता. 'मेजर, महाराजांचंच आहे की,' म्हणाला. कुणाचं आहे ते बघत नाहीत, कुठे आहे ते बघतात, हे त्याला समजावताना मला फार जड गेलं. आता आठवी-नववीच्या वर्गांत जाऊन ही एक गोष्ट आधी सांगायची. गोंदवून घेण्याआधी सांगितली तरच तिचा उपयोग.

१८ फेब्रुवारी

माळावर येतात ती पोरं मला शोधावी लागत नाहीत, ती आपणहून येतात. शोधायची ती न येणारी. आज शाळेतून मागच्या तीन वर्षांत एसएसएलसी (दहावी) झालेल्या मुलांची यादी घेतली आणि शिक्षकांना एकेक नाव विचारत बसलो. हा कुठे? गोव्याला हॉटेलात. हा? उद्यमबागेत फौंड्रीत. हा? घरीच आहे. 'घरीच आहे' असं ज्यांच्याबद्दल कळलं, त्यांच्या दारात जायचं ठरवलं.

२३ फेब्रुवारी

गवळीवाड्यावर गेलो. रस्ता संपल्यावर रानातून तासभर चढ आहे. जो पोरगा हवा होता तो घरी नव्हता, दूध घालायला खाली गेला होता. आम्ही वर चढत होतो तेव्हाच तो दुसऱ्या वाटेनं उतरला असणार. रोज पहाटे दोन किटल्या घेऊन खाली, परत वर, मग म्हशी. माळावर सकाळी सहाला तो येणार कसा?

थांबलो. आला तो घामानं भिजलेला, पण दम लागलेला नाही. टाचा जुळवून उभा केला : गुडघे एकमेकांना लागत नाहीत. पावलं ओली करून दगडावर उमटवायला लावली : तळव्याला कमान आहे. कोपर सरळ. दात पांढरे, गुटखा नाही. दातांचेही गुण धरतात, १४ लागतात, आणि आमच्याकडे गुटख्यानं किती पोरांचे दात गेलेत ते मी बघतोय. गुणपत्रक मागितलं तर आईनं पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काढून दिलं. ६२५ पैकी ३०१, म्हणजे ४८ टक्क्यांच्या वर. जीडीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. बसतो.

आतापर्यंत बघितलेल्यांत हा सगळ्यांत पक्का पोरगा, आणि भरती कधी, कशी असते हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. 'तुला जायचंय का?' विचारलं. आईकडे बघितलं त्यानं. आई म्हणाली, 'म्हशी कोण बघणार?' मी गप्प बसलो. हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, आणि उत्तर घाईनं काढून घ्यायचं नाही. पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणून उतरलो.

२ मार्च

आज कागदपत्रं. पोरांना घरातले सगळे कागद घेऊन बोलावलं आणि देवळाच्या ओट्यावर एकेकाचे पसरून बघितले. या कामात वेळ जातो आणि कुणाला त्याची हौस नसते, पण निम्मी पोरं इथेच अडकतात असं माझं ठाम मत झालंय.

आधारवरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एसएसएलसीच्या गुणपत्रकाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवी. आमच्याकडे ती जुळत नाहीत, याला कारण आहे. मराठी शाळेत 'मारुती' इंग्रजीत लिहिताना नुसता टी घालतात. आधार किंवा नाडकचेरीचा (तालुक्याखालच्या महसूल कचेरीचा) दाखला कन्नड वळणानं तयार होतो, तिथे टीच्या पुढे एच येतो. आईबापाला दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी, कुणाच्या वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गवळीवाड्यावरचा पोरगा आला होता (आईनं पाठवलं, काय ठरलं ते मी विचारलं नाही). त्याच्याही आधारवर तो एच आहे. सोमवारी खानापूरच्या आधार केंद्रात त्याच्याबरोबर जायचं.

बाकीचे कागद : रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शाळेचा आणि पोलिसांचा वर्तणूक दाखला, अविवाहित असल्याचा दाखला. वर्तणुकीचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, तो आत्ता काढून उपयोग नाही. जातीचा आणि रहिवासी मात्र आत्ताच नाडकचेरीत अर्ज टाकून मिळवायचे. ग्रामपंचायतीतल्या पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) या आठवड्यात पोरांसाठी एक दुपार मोकळी ठेवली, त्यांचे आभार.

१२ मार्च

नोंदणी सुरू झाली. १० एप्रिलपर्यंत मुदत. जन्म १ ऑक्टोबर २००४ ते १ एप्रिल २००८ या दरम्यानचा हवा. फी २५० रुपये.

यंदा तीन गोष्टी पोरांच्या फायद्याच्या आहेत. एक अर्जदार दोन पदांसाठी अर्ज करू शकतो. धावण्याची वेळ ६:१५ पर्यंत वाढवली आहे, उशिरा येणाऱ्याला गुण कमी, पण तो बाहेर पडत नाही. आणि लेखी परीक्षा तेरा भाषांत आहे, त्यात मराठी आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. आमची पोरं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. लसावि-मसावि, सरासरी, शेकडेवारी त्यांना याच नावांनी येते. हिंदी-इंग्रजीतला प्रश्न आधी समजून घ्यायचा आणि मग सोडवायचा, यात साठ मिनिटांतली किती मिनिटं जायची! अर्ज भरताना भाषेच्या रकान्यात मराठी निवडलंय की नाही, हे प्रत्येकाच्या फोनवर मी स्वतः बघणार.

२३ मार्च, रविवार

संध्याकाळच्या गणिताच्या वर्गाला आज आईवडिलांनाही बोलावलं. चार वर्षांचा हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा होता, तोच शेकडेवारीचा पाठ केला.

फळ्यावर चार आकडे लिहिले : पहिल्या वर्षी महिना ३०,०००, दुसऱ्या ३३,०००, तिसऱ्या ३६,५००, चौथ्या ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे बाहेर पडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, कापले जातात. किती? पहिल्या वर्षाचे ९,००० सगळ्यांनी सांगितले. दुसऱ्याचे ९,९०० लगेच आले. तिसऱ्याला वर्ग थांबला. गवळीवाड्यावरचा मागे भिंतीला टेकून बसला होता. खडू घेऊन पुढे आला, ३६,५०० चे दहा टक्के ३,६५०, त्याची तिप्पट १०,९५०, असं लिहून जागेवर गेला. दुधाचा हिशेब रोज डोक्यात करणाऱ्याला गणित येत नाही असं कसं म्हणायचं? चौथ्याचे १२,०००. चारांची बेरीज ४१,८५०, गुणिले बारा, ५,०२,२००. तेवढेच सरकार घालतं, म्हणजे १०,०४,४००. व्याज धरून बाहेर पडताना साधारण ११ लाख ७१ हजार, त्यावर कर नाही. पहिल्या वर्षी हातात पडतात ते २१,०००. सेवेच्या काळात ४८ लाखांचा विमा.

मग दुसरी बाजू. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम होणार. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना यंदाच्या नियमानं दहा टक्के जागा राखीव आहेत, पण तिथेही भरतीतूनच जायचं. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला सेंटरमध्ये दाखल झाली, तिची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला पुरी होतील. कायम कोण राहिलं आणि बाहेर आलेल्यांचं काय झालं, हे आज देशात कुणीच पाहिलेलं नाही. मीही नाही. जे कुणी पाहिलेलं नाही त्याची खात्री मी देणार नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं.

एका वडिलांनी विचारलं, 'मेजर, तुमचा मुलगा असता तर पाठवला असता?' होय, पाठवला असता, पण पीयूसी (अकरावी-बारावी) पुरी करून, आणि चार वर्षांनी काय करायचं ते घरात बोलून. माझ्या मनात आहे तेच सांगितलं.

सभा संपल्यावर दोन घरांनी अर्ज करायचा नाही असं कळवलं. त्यातला एक पोरगा उद्यमबागेत सीएनसी मशीन शिकतोय, हात बसत आलाय. त्याला मी स्वतःच म्हटलं, तू आहेस तिथेच थांब. भरतीयोग्य पोरगा शोधणं म्हणजे दिसेल त्याला रांगेत उभं करणं नव्हे. मध्यावर मनातून खचलेला जवान पलटणीलाही ओझं होतो आणि घरालाही.

६ एप्रिल

एजंट गावात येऊन गेला. मधल्या आळीतल्या एका घरी त्यानं 'आत ओळख आहे' म्हणून पैसे मागितले, आगाऊ निम्मे. त्या घरच्या आजीनं मला बोलावून घेतलं, ते फार चांगलं केलं.

यांची पद्धत आळीत सगळ्यांना समजावून सांगितली. एजंट वीस घरांतून पैसे घेतो आणि काहीच करत नाही. त्यातली दोन-तीन पोरं आपल्या मेहनतीनं पास होतात, त्यांचे पैसे तो ठेवतो. बाकीच्यांना थोडेफार परत करून 'यंदा जमलं नाही' म्हणतो. परत मिळाले म्हणून लोक त्याला प्रामाणिकही समजतात. लेखी परीक्षा संगणकावर, पळण्याची वेळ मोजून, यादी गुणांवर. पैसे आत शिरायला जागा कुठे आहे? २५० रुपये फी, त्यापुढे एक रुपया द्यायचा नाही.

११ एप्रिल

मुदत २५ एप्रिलपर्यंत वाढली. आधार दुरुस्तीत अडकलेल्यांचे अर्ज आता जातील. काजूचा हंगाम आहे, दिवसा पोरं सापडत नाहीत. रात्री देवळात बसून भरतोय.

२ मे

एसएसएलसीचा निकाल लागला. वयात बसणाऱ्या, पण ४५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्या पोरांना निराश व्हायचं कारण नाही. ट्रेड्समनला दहावी पास आणि प्रत्येक विषयात ३३ एवढं पुरतं. स्वयंपाकी, शिंपी, नाभिक यांच्याशिवाय पलटण एक दिवस चालत नाही, आणि रायफल तेही चालवतात. काही घरांत याला कमीपणा मानतात. मी त्यांच्याशी भांडतो.

९ मे

परवा पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. काल-आज माळावर गर्दी झाली, पूर्वी न येणारी पोरंही आली. पहलगामपासून त्यांच्या मनात राग आहे, तो मला कळतो. पण नोंदणी २५ एप्रिललाच बंद झाली, हेही सांगावं लागलं. ज्याला खरंच जायचंय त्यानं आजपासून पुढच्या वर्षासाठी लागावं. ऑगस्टमध्येही येत असशील तर तू माझा, असं सांगून नावं लिहून घेतली.

घरांत मात्र वेगळं वातावरण. गवळीवाड्यावर गेलो तर आई बोलेना. चहा दिला आणि चुलीपाशी बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, 'भाऊ, युद्ध झालं तर?' मी तिला खोटा धीर दिला नाही. फौज युद्धासाठीच असते. जाणारा पोरगा हे समजून जातो, आणि नको म्हणायचा हक्क तुम्हाला परीक्षेच्या दिवसापर्यंत, त्यानंतरही आहे, असं म्हटलं. पोरगा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. 'मी जाणार, आई,' एवढंच म्हणाला.

आणि आज पहिल्यांदाच चार मुली आल्या. कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर बोलताना त्यांनी पाहिल्या, आणि त्यांचं सासर आपल्याच जिल्ह्यातलं, गोकाक तालुक्यातलं कोण्णूर, हेही त्यांना ठाऊक होतं. 'आम्हाला जाता येतं का मामा?' होय. महिला मिलिटरी पोलिसात अग्निवीर म्हणून : दहावीला ४५ टक्के, उंची १६२, आणि १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांत पहिला गट, आठपर्यंत दुसरा. जागा थोड्या असतात. मुलींसाठी मी फेब्रुवारीपासूनच दवंडी द्यायला हवी होती असं गावातल्या शिक्षिका म्हणाल्या, आणि शाळेच्या मैदानाची वेळ त्यांनीच ठरवून दिली.

१ जून

पाऊस यंदा मे संपायच्या आधीच आला. माळ चिखल झाला, पळणं डांबरी रस्त्यावर. पेरणीची घाई, त्यामुळे वर्ग रात्री आठनंतर.

शाळेच्या संगणकावर सराव सुरू केला. परीक्षेची रीत अशी : ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. पोरं फोन सराईतपणे चालवतात, पण माऊस धरला की हात थरथरतो. पहिल्या दिवशी एकजण पुढच्या प्रश्नावर जायचं बटणच शोधत बसला. उत्तर जतन कसं करायचं, सोडलेल्या प्रश्नावर परत कसं यायचं, एवढंच रोज अर्धा तास. चार पर्यायांतले दोन नक्की खोडता आले तर उत्तर द्या, एकही खोडता येत नसेल तर पुढे जा, हा नियम पाठ करून घेतला.

१० जुलै

३० जूनपासून चाललेली परीक्षा आज संपली. आमच्या पोरांचे दिवस वेगवेगळे होते, पहिल्या बसनं बेळगावला गेली आणि परत आली. नावातल्या अक्षरामुळे एकही दारावरून परतला नाही, याचं मला मोठं समाधान आहे.

गवळीवाड्यावरच्यानं अडतीस सोडवले, बारा सोडून दिले. विज्ञान अवघड गेलं म्हणतो, गणितातले सगळे केले. त्याची धाकटी बहीण आता दूध घेऊन उतरते, म्हशींचं चुलत्यानं अंगावर घेतलंय. निकाल येईपर्यंत बीम थांबवायचे नाहीत, असं त्याला बजावलं. तो दहा काढतो, पण दहावा अजून ओढून-ताणून येतो.

म्हाताऱ्यांच्या म्हणण्याचं उत्तर आता माझ्यापुरतं मिळालंय. मन उडालेलं नाही. रानातल्या वाडीपर्यंत माहिती पोचत नव्हती, कागद जुळत नव्हते आणि चार वर्षांबद्दल घरात कुणी खरं बोलत नव्हतं. म्हणून पुढच्या खेपेची यादी नववीपासून सुरू करतोय. या महिन्यात तीन कामं : नववी-दहावीच्या सगळ्या मुलामुलींची आधारवरची नावं शाळेच्या दाखल्याशी ताडून बघणं, कारण गुणपत्रक छापण्याआधी दुरुस्ती सोपी असते, गोंदण आणि गुटख्याबद्दल प्रत्येक वर्गात बोलणं, आणि कणकुंबीकडच्या वाड्यांवर पाऊस थोडा उघडला की जाऊन येणं.

मुलींचा सराव रविवारी सकाळी सहाला, शाळेच्या मैदानावर. पहिल्या दिवशी आईला बरोबर आणायचं.